सांडपाण्यासाठी तळं की टाकी?

उन्हाळ्यात पांझरेला स्वतःचं पाणी जेमतेम उरतं. अशा वेळी धुळ्याचं सांडपाणी किती साफ होऊन पात्रात उतरतं, यावरच नदीची तब्येत ठरते. मार्ग दोन.

पहिला ऑक्सिडेशन पाँडचा. मीटर-दीड मीटर खोल तळी. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, त्यावर जिवाणू घाण खातात. विजेचा खर्च जवळपास नाही, आणि ऊन तर खान्देशात फुकट! पण पाणी आठवडा-दोन आठवडे थांबवायचं, म्हणजे जागा एकरांनी हवी. बाहेर पडणारं पाणीही हिरवटच.

दुसरा एसबीआरचा (सिक्वेन्सिंग बॅच रिअॅक्टर), म्हणजे एकेक हप्ता पाणी साफ करणारी टाकी. एकाच टाकीत पाणी भरायचं, ब्लोअरने खालून हवा सोडायची, गाळ बसू द्यायचा, वरचं निवळलेलं पाणी काढून घ्यायचं. 3-4 तासांत फेरी पूर्ण. घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला साधारण 200 मिलिग्रॅम धरला, तर नीट चालणारी टाकी तो 10 पर्यंत खाली आणते. तेवढा नदीतला ऑक्सिजन वाचतो, मासे तगतात. मात्र वीज बराच वेळ गेली, की टाकीतले जिवाणूच गुदमरतात.

धुळे-जळगावला एसबीआरच, तोही जनरेटरसह. चोपडा-पारोळ्यासारख्या गावांना पडीक जमीन असेल तर मी तळीच सुचवेन. ब्लोअरचं वीजबिल लहान नगरपालिकेला पेलवणं कठीण.