एकच जर्सी की तेरा?

मुंबईतल्या नागपाड्याच्या बास्केटबॉल कोर्टवर संध्याकाळी खेळून झालं की पोरांचा एनबीएवरून, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगवरून, एक वाद ठरलेला: डर्क नोवित्स्की की इश स्मिथ?

आकड्यांत तुलनाच नाही. नोवित्स्की २१ हंगाम फक्त डॅलसकडून खेळला, ३१,५६० गुण केले, २०११ चं विजेतेपद मिळवून दिलं. अख्खं शहर त्याचं झालं.

स्मिथला २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कुणी घेतलंच नाही. तरी तो १३ संघांकडून खेळला. एनबीएत एवढे संघ दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आले नव्हते. विचार करा, दर वेळी नवं घर, नवा कोच, नव्या खुणा पाठ करायच्या, आणि पाच मिनिटं मिळाली तर तेवढ्यात चेंडू नीट फिरवायचा. बिऱ्हाड कायम पाठीवर! २०२३ मध्ये डेन्व्हरबरोबर त्यालाही विजेतेपद मिळालं.

आपल्याकडे खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागलेला पोरगा बहुधा तिथूनच निवृत्त होतो. घर चालतं, ते मला पटतंच. पण बाकावर बसून, बुटांच्या नाड्या दोनदा आवळून आपल्या पाळीची वाट बघणारी पोरं मी रोज पाहतो. त्यांना मी स्मिथचीच गोष्ट सांगतो.