चिऱ्याच्या भिंतीवरचा टीव्ही : पुढे ओढता येणाऱ्या ब्रॅकेटचा वर्षभराचा अनुभव

गेल्या वर्षी चवथीच्या तीन आठवडे आधी गोव्यातल्या फोंड्याजवळच्या आमच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जुन्या घरात ५५ इंची टीव्ही आला. भिंतीला चिकटून बसणारे साधे ब्रॅकेट त्याच्यासोबत फुकट मिळत होते, तरीही मी १,८५० रुपये वेगळे मोजून पुढे ओढता येणारे आणि दोन्ही बाजूंना वळणारे ब्रॅकेट घेतले. गणपतीचा चौरंग त्याच हॉलमध्ये मांडला जातो, त्या दिवसांत टीव्ही बाजूला वळवून ठेवता यावा आणि एरवी आईला जेवणाच्या टेबलावरूनही तो दिसावा, एवढाच हेतू होता. वस्तू चांगली आहे, हे आधीच सांगतो. तक्रार आहे ती खोक्यावरच्या एका आकड्याविषयी आणि तो आकडा वाचून आपण जे गृहीत धरतो त्याविषयी.

खोक्यावर ‘४० किलोपर्यंत’ असे ठळक छापलेले आहे. आमचा टीव्ही १६ किलोचा असल्यामुळे काळजीचे कारण नाही, असे मला वाटले. बसवायला आलेल्या माणसालाही तसेच वाटले असावे. त्याने हॅमर ड्रिलने चार भोके पाडली, ब्रॅकेटसोबत आलेले प्लास्टिकचे प्लग ठोकले आणि वीस मिनिटांत टीव्ही टांगून तो निघून गेला. तिसऱ्या दिवशी टीव्ही पुढे ओढला, तेव्हा वरच्या डाव्या बोल्टाखालून तांबडी भुकटी जमिनीवर पडलेली दिसली आणि प्लग नखभर बाहेर आला होता. आम्ही टीव्ही लगेच उतरवला म्हणून तो वाचला. विक्रेत्याने दोष भिंतीचा असल्याचे सांगितले आणि रागाच्या भरातही मला कबूल करावे लागते की त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. मात्र भिंत कशाची आहे हे भोक पाडण्यापूर्वी पाहणे हे त्याच्याच माणसाचे काम होते.

खोक्यावरचा आकडा हा ब्रॅकेटच्या लोखंडाचा असतो, भिंतीचा नव्हे. टीव्ही भिंतीलगत असताना त्याचे वजन मुख्यतः खाली ओढते, पण ब्रॅकेटचा हात ४० सेंटिमीटर पुढे काढला की तेच वजन तरफेसारखे काम करू लागते. आमच्या ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या बोल्टांमध्ये २० सेंटिमीटरचे अंतर आहे. म्हणजे वरच्या बोल्टांना भिंतीतून उपटणारी ओढ सुमारे ३२ किलोची होते, तर टीव्ही ८ सेंटिमीटरवर मागे ढकलला असता ती साडेसहा किलोच्याही आत राहते. पक्क्या काँक्रीटला यात काही विशेष नाही. चिरा मात्र सच्छिद्र असतो, त्याच्या पोटात जागोजागी मऊ मातीचे कप्पे असतात आणि हॅमरच्या धक्क्यांनी भोक आतून रुंद होते, त्यामुळे फुगून पकड घेणाऱ्या प्लगला दाबायला घट्ट असे काही उरतच नाही. आमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची चौकट, नारळ-फळांनी कितीही जड झाली तरी ती वरच्या वाशांनाच टांगतात, भिंतीला तिचा भार कोणी देत नाही, हे मला त्या दिवशी प्रथमच लक्षात आले.

दुसऱ्यांदा गावातल्याच एका अनुभवी फिटरला बोलावले. त्याने आधी बोटांच्या पेरांनी भिंत ठोकून पाहिली, एके ठिकाणी थांबून ‘हांगा चिरो पोकळ आसा’ (इथे चिरा पोकळ आहे) म्हणाला आणि सगळी मांडणी एक वीत उजवीकडे सरकवली. दोन चिऱ्यांमधले सांधे टाळून, हॅमर बंद ठेवून, नुसत्या फिरत्या ड्रिलने त्याने भोके पाडली, ब्रशने आणि फुंकून धूळ काढली, जाळीच्या नळ्या घालून त्यांत रासायनिक अँकरचा लगदा भरला आणि स्टेनलेस स्टीलचे आटे असलेले रॉड रोवले. हा लगदा चिऱ्याच्या छिद्रांत शिरून घट्ट होतो, त्याला फुगून पकड घ्यावी लागत नाही. टीव्ही मात्र त्याने दुसऱ्या दिवशीच टांगला. मजुरी आणि साहित्य मिळून १,६०० रुपये झाले, म्हणजे जवळजवळ दुसरे ब्रॅकेट घेण्याइतके. ते मला महाग वाटले नाहीत.

ब्रॅकेटविषयी थोडे. टीव्हीच्या मागच्या भोकांचे अंतर व्हेसा या त्यासाठीच ठरलेल्या मानकाप्रमाणे २०० बाय २०० पासून ४०० बाय ४०० मिलिमीटरपर्यंत जुळते, एम-६ आणि एम-८ दोन्ही मापांचे स्क्रू सोबत येतात आणि हाताचे सांधे अजून कुरकुरत नाहीत. भिंतीसाठी सोबत आलेल्या, जस्ताचा मुलामा दिलेल्या बोल्टांवर मात्र पहिल्या पावसाळ्यातच तांबेरा चढला असता, याविषयी मला शंका नाही. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर ते खोक्यातच ठेवावेत. पश्चिमेच्या पावसाचा मारा झेलणारी बाहेरची भिंतही आम्ही मुद्दाम टाळली, कारण तिथे आषाढात रंगाला फोड येतात.

उंचीवरून पहिल्या माणसाशी माझा वाद झाला होता. ‘सगळीकडे असाच लावतो’ म्हणत त्याने पडद्याचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर घेतला होता आणि आईची मान दोन दिवसांत दुखू लागली. आता तो १०५ सेंटिमीटरवर, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या समोर आहे. टीव्ही उजवीकडे पूर्ण वळवला की पडदा किंचित खाली झुकतो, हा या ब्रॅकेटचा एकच दोष मला वर्षभरात आढळला. खालचा समतोल साधणारा स्क्रू दर दोन-तीन महिन्यांनी पाव फेरा आवळावा लागतो आणि त्याची किल्ली खोक्यातच मिळते.