कॉर्कची बस, लीप कार्ड आणि एक हलती फरशी: अकरा महिन्यांनंतर

आधी साडीचं सांगते, म्हणजे पुढचा सूर असा का लागलाय ते कळेल.

सप्टेंबरात इथल्या, म्हणजे आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या, मराठी मंडळींचा गणपती होता. हॉल भाड्याचा, आरती दुपारी चारला. आईची नारायणपेठ येताना बॅगेच्या तळाशी घालून आणली होती, ती पहिल्यांदा नेसले. वर रेनकोट, खाली स्पोर्ट शूज, अशा अवतारात बसस्टॉपवर पोचले. पाऊस नुकताच थांबलेला. बस दिसली म्हणून हात दाखवायला एक पाऊल पुढे टाकलं, तर पायाखालची फरशी एका कडेने खाली गेली, दुसऱ्या कडेने वर आली आणि फटीतून पिचकारी उडाली. गढूळ, काळपट पाणी, थेट काठावर. साताऱ्यात रंगपंचमीलाही मी इतकी नेमकी भिजले नव्हते.

जास्त लागलं ते हे, की ती फरशी मला माहीत होती. फेब्रुवारीपासून रोज तिला वळसा घालत होते. त्या दिवशी निऱ्यांमुळे पाय दिसले नाहीत, एवढंच.

कुठली बस कुठे जाते, कार्ड कुठे मिळतं, हे सगळं तुम्ही ॲपवर बघालच. मी ते लिहीत बसत नाही. इथे येण्यापूर्वी मला जे कुणी सांगितलं नाही ते लिहिते.

बस हा माझा शौक नाही. भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही. पुन्हा लर्नर परमिट, पुन्हा धडे, पुन्हा परीक्षा, आणि त्यानंतर नवख्या ड्रायव्हरला विम्याचा जो आकडा सांगतात तो ऐकून मी फोन ठेवून दिला. तेव्हा रोजचं जाणं-येणं बसनेच. पहिल्याच आठवड्यात एक बस माझ्यासमोरून सरळ निघून गेली. थांब्यावर उभं राहिलं की बस थांबेल, असं मी धरून चालले होते. इथे हात दाखवावा लागतो. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं, तू बस बघायला आलेयस असं वाटलं असेल त्याला."

लीप कार्डाबद्दल, म्हणजे बसचं भाडं भरायच्या प्रीपेड कार्डाबद्दल, मात्र तक्रार नाही. रोख तिकिटापेक्षा स्वस्त पडतं, फोनच्या पाठीला चिकटवून पैसे भरता येतात, आणि आठवड्याची कमाल मर्यादा आहे: तेवढे पैसे गेले की पुढचे प्रवास फुकट. हे कळल्यापासून मी आठवड्याच्या शेवटी विनाकारण फिरते, कारण फुकट आहे. २०२२ मध्ये सरकारने देशभर भाडं २० टक्क्यांनी उतरवलं. महागाईच्या दिवसांत तिकीट स्वस्त झाल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून इथे बाटल्या-डब्यांवर अनामत घेतात, अर्ध्या लिटरपर्यंत १५ सेंट, त्याहून मोठ्यावर २५. ऑफिसातले लोक कॅन टाकून देतात, मी पिशवीत भरून सुपरमार्केटच्या मशीनमध्ये नेते. महिन्याला निदान दोन दिवसांचं बसभाडं सुटतं. नवऱ्याला लाज वाटते, म्हणून मी एकटी जाते.

आता स्टॉपवरचा तो डिजिटल फलक. ८ मिनिटं, ५ मिनिटं, ३ मिनिटं, मग "ड्यू", म्हणजे आलीच. मग ओळच गायब. बस आली नाही, गेली नाही, नुसती पुसली गेली. इथे तिला भुताची बस म्हणतात, आणि नावात काही अतिशयोक्ती नाही. असं का होतं ते मला एका ड्रायव्हरने त्याच्या फावल्या वेळात समजावलं. फलकावर दोन तऱ्हेच्या बस असतात. एक खरी, जिचा जीपीएस बोलतोय. दुसरी वेळापत्रकातली, जी त्या वेळी यायला हवी. ड्रायव्हर कमी पडले, फेरी रद्द झाली आणि ते यंत्रणेत वेळेत चढवलं नाही, तर वेळापत्रकातली बस निमूटपणे मिनिटं मोजत राहते. तेव्हापासून मी फलक बघायचं सोडलं. रस्त्याच्या वळणाकडे बघते. दहा मिनिटांत काही नाही आलं तर दोन पाठोपाठ येतात, हे आपल्याकडच्या अनुभवाने आधीच ठाऊक होतं.

एप्रिलपर्यंत माझं मत ठाम होतं: बस वाईट. मग मी घड्याळ लावून मोजायला लागले (हो, मला काम कमी आहे). निघालेली बस तिच्या चुकीने क्वचितच उशिरा पोचते. ती गाड्यांच्या रांगेत अडकते, आणि त्या रांगेतल्या बहुतेक गाड्यांत एकच माणूस. वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवरून सगळ्या गाड्यांचं आतलं दिसतं. कुणी सँडविच खातंय, कुणी दाढी करतंय. बसकनेक्ट्स नावाच्या योजनेत शहरभर बससाठी सलग वेगळी मार्गिका करायची होती, फेऱ्याही निम्म्याहून जास्त वाढवायच्या होत्या. २०२२ मध्ये नकाशे आले तशी मोठी ओरड झाली, कारण मार्गिकेसाठी कुणाच्या अंगणाची पट्टी जाणार, कुठे झाडं, कुठे पार्किंग. मग नकाशे बदलले, काही ठिकाणी मार्गिका आखडल्या. आल्याआल्या मी झाडांच्या बाजूने होते. आता एका वळणावर रोज अकरा मिनिटं उभी राहते आणि समोरच्या अंगणातलं हिरवळीचं आयत न्याहाळते. त्यावर कधी कुणी बसलेलं बघितलं नाही. झाडांबद्दल अजून वाईट वाटतं. हिरवळीबद्दल नाही.

वरच्या मजल्यावरून आणखी एक दिसतं. खाली दुकान, वर उजाड. गावाच्या मध्यभागी, नॉर्थ मेन स्ट्रीटसारख्या जुन्या रस्त्यांवर, दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या आणि पन्हळीतून झुडूप उगवलेलं. पडीक मालमत्तेचा कायदा १९९० पासून आहे, बाजारभावाच्या ७ टक्के वार्षिक आकारही आहे. झुडपाला त्याचं काही नाही. घरभाडं भरताना मला ते झुडूप आठवतं.

शहराचा मुख्य बाजाररस्ता, पॅट्रिक स्ट्रीट, तिच्यावर मी अन्याय करणार नाही. इथले लोक तिला "पाना" म्हणतात, आणि "पाना करून येतो" म्हणजे पॅट्रिक स्ट्रीटवर एक चक्कर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सायकल नीट करायला चाललेत असं वाटलं. रस्ता सरळ नाही, बाक घेतो, कारण खाली नदीची शाखा आहे. ली नदीचे फाटे अठराव्या शतकात झाकून वर रस्ते केले. कॉर्क हे नावच दलदलीवरून पडलंय. साउथ मॉलवर काही घरांचे दरवाजे अजून पायऱ्या चढून वर आहेत आणि खाली बोटी लावायच्या कमानी. २००४ च्या सुमारास बार्सिलोनाच्या बेथ गाली या वास्तुविशारद बाईंनी पानाचं रूप बदललं, रुंद फुटपाथ आणि तिरके, वाकलेले उंच दिवे. दिव्यांची लोक थट्टा करतात. मला आवडतात. पावसात छत्री धरून उभ्या असलेल्या माणसासारखे दिसतात.

पण मग २०२१ मध्ये याच भागात शेवाळाने हवा शुद्ध करणारी पाच यंत्रझाडं बसवली, साडेतीन लाख युरोच्या आसपास खर्च करून. पुढे ती बंदच केली. साडेतीन लाख युरोत किती फरश्या घट्ट बसल्या असत्या, हा हिशेब मी तीनदा केलाय. दर वेळी वेगळं उत्तर येतं, पण प्रत्येक उत्तरात माझी फरशी बसते.

याच रस्त्यावर दुपारी ३ ते ६:३० खासगी गाड्यांना बंदी आहे, बस, टॅक्सी आणि सायकलींना मोकळीक. मार्च २०१८ मध्ये लावली, दुकानदारांनी धंदा बसला म्हणून आरडाओरडा केला, तीन आठवड्यांत स्थगित, ऑगस्टमध्ये पुन्हा लागू. पाट्या आहेत. एका संध्याकाळी बसची वाट बघताना मी बंदीच्या वेळेतल्या खासगी गाड्या मोजल्या. सतरा झाल्या आणि बस आली, म्हणून सतरावर थांबले.

आता फरशीकडे वळते. थांब्याचं नाव देत नाही. रस्ता कुठल्याशा केबलसाठी खोदला होता, बुजवताना फरश्या परत बसवल्या, त्यातली ही एक, अंदाजे दीड फूट बाय दोन फूट, राखाडी, एका कोपऱ्यावर च्युइंगमचा काळा ठिपका. खालची वाळू वाहून गेली की पोकळीत पाणी साठतं आणि वर पाय पडला की पंपासारखं बाहेर येतं. कोरड्या दिवशी नुसता "टक" आवाज. फेब्रुवारीत ऑनलाइन तक्रार केली, फोटोसकट. नंबर मिळाला. बाराव्या दिवशी उत्तर आलं, काम पूर्ण, तक्रार बंद. जाऊन बघितलं तर फरशीभोवती पिवळ्या स्प्रेने गोल काढलेला. पाणी उडवायचं ते उडवतच होती, फक्त आता अधिकृतपणे.

पुन्हा तक्रार केली. या वेळी व्हिडिओ पाठवला, छत्रीच्या टोकाने फरशी दाबून पाणी उडवलेला. उत्तर आलं की ही जबाबदारी ज्यांनी खोदलं त्यांची. ज्यांनी खोदलं ते कोण, ते सांगितलं नाही. जुलैपर्यंत पिवळा गोल पुसट झाला. मग सप्टेंबर, मग साडी.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. शेवटी "बसला ३, कार्डाला ४, फुटपाथला शून्य" असंही लिहिलं होतं. मग दोन गोष्टी झाल्या.

पहिली: डब्लिनहून रात्रीच्या कोचने आले, पोचायला पावणेतीन वाजले. टॅक्सीची रांग वळून कोपऱ्यापर्यंत गेलेली, पाऊस आडवा. २२० नंबरची बस चोवीस तास चालते, जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा चोवीस तास धावणारी देशातली ती पहिलीच बस होती. मला हे माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि रात्री तीन वाजता पावसात दिवे लावलेली डबलडेकर वळणावरून येताना बघणं वेगळं. आत चार माणसं, गरम हवा, ओल्या कोटांचा वास. कार्ड लावलं तर पैसे संपलेले. फोनची बॅटरीही गेलेली. मी पर्स उलथी करायला लागले तर ड्रायव्हर मान हलवत म्हणाला, "जा बाई, बस आत, भिजलीयस." उतरताना इथे सगळेच ड्रायव्हरला थँक्स म्हणतात, शाळकरी पोरंसुद्धा, मागच्या सीटवरून ओरडून. सुरुवातीला मला हे नाटकी वाटायचं. त्या रात्री मी दोनदा म्हणाले.

म्हणून बसला आता ४. रात्रीच्या फेरीचे भरायचे राहिलेले पैसे मनात आहेत, ते धरून पावणेचार.

दुसरी: परवा थांब्यावर पोचले तर फरशी नव्हती. तिच्या जागी डांबर. राखाडी फरश्यांच्या रांगेत एक काळा, फुगीर चौकोन, कडेला अर्धा पिवळा गोल अजून शिल्लक. मी मुद्दाम त्यावर उभी राहिले. टक आवाज नाही, पाणी नाही. काम झालं हे मान्य करायला हवं. पण एवढ्या रस्त्याला गोधडीसारखं ठिगळ लावलं आणि मूळची चांगली फरशी कुठे गेली, हे कुणी विचारत नाही. थांब्यावरच्या त्याच आजी म्हणाल्या, "ती होती तेव्हा तू निदान खाली बघून चालायचीस." फुटपाथला शून्यावरून दीड.

ट्रामबद्दल कुणी विचारेल म्हणून आधीच लिहिते. एप्रिल २०२५ मध्ये लाइट रेलचा मार्ग सुचवलाय, पश्चिमेला बॅलिनकॉलिगपासून पूर्वेला महोनपर्यंत, साधारण १८ किलोमीटर. शहरात १८९८ ते १९३१ विजेची ट्राम होती, आणि पानाच्या टोकाच्या फादर मॅथ्यूंच्या पुतळ्यापाशी सगळे मार्ग एकत्र यायचे. उखडून टाकली. आता लोकसंख्या २०४० पर्यंत निदान निम्म्याने वाढवायचीय, म्हणून पुन्हा घालायची. माझा व्हिसा तोवर टिकेल असं दिसत नाही, तेव्हा तिला गुण देत नाही. जवळच्या कोव्ह या बंदरगावची ट्रेन मात्र रविवारी डबा घेऊन जरूर करा, पाण्याच्या कडेने जाते, लीप कार्ड चालतं.

आता मदत हवीय. ड्रायक्लीनरने एका साडीचे जे मागितले त्यात माझी अडीच आठवड्यांची बस होते, म्हणून दिली नाही. काठ हिरवा, डाग काळपट-तेलकट, दोन महिने जुना. डांबर आणि माती दोन्ही असावं. लिंबू-मीठ सांगू नका, केलंय. रिठ्याचं पाणीही झालं. नारायणपेठवर रॉकेल लावून कुणी काढलंय का? इथे रॉकेल कुठल्या दुकानात आणि कुठल्या नावाने मिळतं तेही लिहा, शक्यतो बसच्या वाटेवर असेल असं.