‘संशोधनाने सिद्ध’ म्हणून आम्हाला विकलेला उपचार

मुलाला ऑटिझम असल्याचं निदान झाल्यावर पहिले काही महिने आईबाप कोणत्या अवस्थेत असतात, हे उपचार विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. आम्हाला फसवणारं केंद्र कुणा भोंदूबाबाचं नव्हतं. तिथे पांढरे कोट होते, भिंतीवर पदव्या होत्या आणि टेबलावर आमच्यासाठी तयार ठेवलेली जाड फाइल होती. पानोपानी रंगीत आलेख. “पुराव्याशिवाय आम्ही काही करत नाही,” असं तिथले डॉक्टर पहिल्याच भेटीत म्हणाले. त्या फाइलच्या जोरावर आमच्याकडून पैसे घेतले गेले, म्हणून हकिगतही फाइलचीच सांगतो.

उपचार स्टेम सेलचा, म्हणजे ज्यांपासून इतर पेशी तयार होतात अशा मूळ पेशींचा होता. मुलाच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, त्यातल्या पेशी वेगळ्या करून मणक्यातून आत सोडायच्या. त्यानंतर काही महिने त्याच केंद्रात रोज स्पीच थेरपी आणि ओटी, म्हणजे रोजच्या हालचाली आणि कामं शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी. सुई टोचल्यानंतर मुलाला उलट्या झाल्या. डोकंही दुखत असावं, कारण दोन्ही हातांनी डोकं धरून तो नुसता पडून राहायचा. ‘इथे दुखतंय’ एवढंही ज्याला सांगता येत नाही त्या लेकराला असं बघणं काय असतं, ते वेगळं सांगायला नको.

आता फाइल. सगळ्यात वर ठेवलेला शोधनिबंध अस्सल होता. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने तो २०१७ मध्ये प्रसिद्ध केला होता. २५ मुलांना त्यांचंच जन्मावेळी साठवलेलं नाळेतलं रक्त शिरेवाटे दिलं आणि पुढच्या महिन्यांत त्यांच्या वागण्यात सुधारणा नोंदवली गेली. आमच्या प्रतीत या सुधारणेच्या ओळींवर पिवळा मार्कर फिरवलेला होता. त्याच निबंधात लेखकांनी स्वतःच बजावलं आहे की तुलनेला दुसरा गट नसल्यामुळे हा बदल उपचाराने झाला की मुलांच्या नैसर्गिक वाढीने, हे ठरवता येत नाही. त्या ओळीवर मार्कर नव्हता.

पुढे त्याच गटाने तुलनेचा गट घेऊन मोठी चाचणी केली. २ ते ७ वर्षांची १८० मुलं होती. काहींना नाळेतलं रक्त, काहींना नुसतं निरुपद्रवी द्रावण. कुणाला काय मिळालं हे पालकांनाही सांगितलेलं नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही नाही. सहा महिन्यांनी सामाजिक वागणुकीच्या मुख्य मोजमापावर दोन्हींत म्हणावा असा फरक निघाला नाही. बौद्धिक अक्षमता नसलेल्या मुलांच्या उपगटात थोडे आशेचे आकडे दिसले, पण तेवढ्यावर उपचार सिद्ध होत नाही. त्यासाठी नवी चाचणी करावी लागते. हा निकाल २०२० मध्ये छापून आला. आम्ही केंद्रात पाऊल टाकलं तेव्हा तो जुना झाला होता, आणि फाइलमध्ये नव्हता. तीच माणसं, तोच प्रश्न, पहिलं उत्तर दाखवायचं आणि दुसरं लपवायचं, याला मी फसवणूकच म्हणतो. शिवाय नाळेतलं रक्त शिरेतून देणं वेगळं आणि हाडातली मज्जा मणक्यात सोडणं वेगळं. एकाचा निबंध दाखवून दुसरंच विकलं गेलं.

बाकीचे निबंध केंद्राचेच होते. मुख्य लेखक केंद्राचे संचालक, आणि नियतकालिक असं की लेखकाकडून शुल्क घेऊन चटकन छापून टाकणारं. कुठेही तुलनेचा गट नाही. आधी आणि नंतर, एवढंच. शेवटी बारीक अक्षरात ‘हितसंबंध : काही नाहीत’ असं लिहिलेलं. ज्या उपचाराच्या पैशांवर केंद्र चालतं त्याचा निकाल केंद्रानेच लावायचा, आणि वर हे.

‘आधी आणि नंतर’चे आकडे कसे तयार होतात ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मोजमापासाठी एटेक नावाची ७७ प्रश्नांची यादी होती, पालकांनी भरायची. उपचाराआधी ती आम्हाला घरी दिली आणि सांगितलं, “त्याचे सगळ्यात वाईट दिवस आठवून भरा, म्हणजे आम्हाला नीट अंदाज येईल.” उपचारानंतर तीच यादी केंद्रात, समुपदेशक मॅडम शेजारी बसवून भरून घेतली. ‘स्वतःचं नाव ओळखतो’ या पहिल्याच ओळीपाशी बायकोचं पेन थांबलं. मॅडम म्हणाल्या, “अहो, मघाशी हाक मारली तेव्हा वळला की तो! ‘थोडंफार’ तरी लिहा.” तिने लिहिलं. अशा ‘थोडंफार’ची बेरीज होऊन आमच्या मुलाचा हिरवा आलेख तयार झाला. तो आता दुसऱ्या कुणाच्या फाइलमध्ये असेल, याचा मला फार त्रास होतो.

कुणी ढकललं नाही तरी पालकांनी भरलेले आकडे सुधारतातच. २०१७ मधल्या एका अभ्यासात ऑटिझम असलेल्या मुलांना आठ आठवडे कोणताही नवा उपचार दिला नव्हता, तरी पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांत चिडचिड कमी झालेली दिसली. माणूस मदत मागायला जातो ते सगळं हाताबाहेर गेल्यावर, आणि त्यानंतरचे दिवस बहुधा थोडे बरेच असतात. मूल वाढतही असतं. ऑटिझम असलेलं मूल एका जागी थिजलेलं नसतं, ते आपल्या गतीने शिकत असतं. त्यात रोज स्पीच थेरपी चालू. मग दोन नवे शब्द आले तर ते सुईचे की थेरपिस्टच्या मेहनतीचे की वयाचे? आमच्या मुलाला खरंच दोन नवे शब्द आले. केंद्राने ते आपल्या नावावर लावले.

सिक्रेटिनची गोष्ट प्रत्येक पालकाला माहीत असायला हवी. १९९८ मध्ये तीन मुलांचा अहवाल आला : पोटाच्या तपासणीसाठी सिक्रेटिन हे संप्रेरक दिलं आणि मुलांची नजर, बोलणं सुधारलं. पालकांची झुंबड उडाली. १९९९ मध्ये ६० मुलांवर नीट चाचणी झाली, अर्ध्यांना सिक्रेटिन, अर्ध्यांना मिठाचं पाणी. सुधारणा दोन्ही गटांत दिसली, आणि जवळपास सारखीच. निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालकांनी सिक्रेटिनमध्ये रस असल्याचं सांगितलं. मला या पालकांचं नवल वाटत नाही, त्यांनी सुधारणा स्वतः पाहिली होती. पुढे २०१२ मध्ये, उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात ९०० हून अधिक मुलांच्या १६ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. उपयोग कशातच दिसला नाही. मिठाच्या पाण्याचा तो गट नसता तर सिक्रेटिन आजही ‘सिद्ध’ म्हणून विकलं गेलं असतं.

प्रामाणिक संशोधन दिसतं कसं, तेही सांगतो. ब्रिटनमध्ये पालकांना मुलाशी संवाद साधायला शिकवणाऱ्या ‘पॅक्ट’ पद्धतीची १५२ मुलांवर चाचणी झाली. २०१० च्या निबंधात त्यांनी सरळ लिहिलं की पालक-मुलातला संवाद सुधारला, पण ऑटिझमच्या लक्षणांत स्पष्ट फरक दिसला नाही. मुलं मोठी झाल्यावर परत तपासणी केली, तीही कोण कुठल्या गटातलं हे ठाऊक नसलेल्या तपासनीसांकडून. २०१६ मध्ये लक्षणांत थोडी घट नोंदवली आणि मुलांच्या चिंतेवर परिणाम झाला नाही, हेही लिहिलं. आमच्या फाइलमध्ये ‘झाला नाही’ असं वाक्य एकही नव्हतं.

पैसे परत मागितले तेव्हा केंद्राने संमतीपत्र पुढे केलं. ‘परिणामाची हमी नाही’ हे त्यात होतं. डॉक्टरांनी तोंडी दिलेल्या भरवशाचा त्यात मागमूस नव्हता. वर सल्ला दिला, “प्रत्येक मुलाचा प्रतिसाद वेगळा, दुसरा डोस घ्या.” पैशांपेक्षा मोठा घाव असा की त्या खर्चापायी मुलाची ओळखीची, त्याला जीव लावणारी स्पीच थेरपिस्ट आम्हाला बंद करावी लागली, आणि त्या वयातले ते महिने गेले.

ज्यांना अशा केंद्राची तारीख मिळाली आहे त्यांनी आगाऊ रक्कम भरण्याआधी दोन प्रश्न लेखी विचारावेत. उपचार न मिळालेल्या कोणत्या मुलांशी तुलना केली? आणि तपासणाऱ्याला कुणाला काय मिळालं हे माहीत होतं का? ‘आम्ही चाचणीच करतोय’ असं म्हणाले तर चाचणीचा नोंदणी क्रमांक आणि नीतिमत्ता समितीचं मंजुरीपत्र मागा, क्रमांक नोंदणीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा, आणि मुलावर प्रयोग करायचे पैसे आमच्याकडून का, हेही विचारा. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे व्हिडिओ दाखवले तर दोन्ही एकाच जागी, त्याच खेळण्यांसोबत घेतलेत का ते बघा. केंद्राचा कागद घरी आणू देत नसतील तर मुलाला घेऊन निघून या. आणू दिला तर आपल्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि त्यांना एवढंच विचारा की यात नसलेला निबंध कोणता.