वॅगनआरमधला अँड्रॉइड स्टिरिओ: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

माझी गाडी २०१९ च्या अखेरची वॅगनआर एलएक्सआय. म्हणजे डॅशबोर्डवर म्युझिक सिस्टीमच्या जागी नुसतं प्लास्टिकचं झाकण. बियाणं-खतांच्या कामामुळं माझं फिरणं जिंतूर, सेलू, गंगाखेड, पालम असं तालुक्या-तालुक्यांत, मधूनच लातूर नाहीतर छत्रपती संभाजीनगर. इतकी वर्षं एसीच्या जाळीला फोन अडकवून भागवलं. या फेब्रुवारीत परभणीतच नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ, पुढच्या दारांत स्पीकर आणि मागं कॅमेरा बसवून घेतला. दारांतलं डॅम्पिंग (पत्रा वाजू नये म्हणून आतून लावायच्या शीट) धरून खर्च वीस हजारांच्या आत. आता दिवाळी तोंडावर आलीय, ऊन आणि पाऊस दोन्ही बघून झालं, म्हणून लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. पडदा किती इंची, रॅम किती, यावर लोक तासतास घालवतात. मला विचाराल तर पैसे दारातल्या स्पीकरवर घाला आणि बसवणारा माणूस पारखून घ्या. बाकी यंत्र मधल्या किमतीचं कुठलंही चालतं, कारण खोक्यावरचे आकडे तसेही खरे नसतात.

माझ्या खोक्यावर छापलंय: अँड्रॉइड १३, ४ जीबी रॅम, ४ × ५० वॅट. सेटिंगमध्ये गेलं तर तिथंही अँड्रॉइड १३ च दिसतं. पण प्ले स्टोअरवर फोनचं हार्डवेअर दाखवणारी फुकट ॲप मिळतात, त्यातलं एक टाकून एपीआय लेव्हल, म्हणजे अँड्रॉइडच्या आवृत्तीचा आतला नंबर, बघा. अँड्रॉइड १३ असेल तर ३३ दिसायला पाहिजे. माझ्यात दिसतं २९, म्हणजे अँड्रॉइड १०. रॅमही निम्मीच निघाली. या स्वस्त चिनी यंत्रांत सेटिंगच्या पानावर काय दिसावं हे बनवणाऱ्याच्या हातात असतं.

वॅटचं तर साधं गणित आहे. वेगळा ॲम्प्लिफायर नसलेला स्टिरिओ गाडीच्या वीजपुरवठ्यावरच चालतो. इंजिन चालू असताना तो जास्तीत जास्त १४.४ व्होल्ट. ४ ओहमच्या स्पीकरला त्यातून एका चॅनेलमागं २६ वॅटच्या पुढं स्वच्छ आवाज निघूच शकत नाही. प्रत्यक्षात १५ ते २० धरा. ५० चा आकडा आवाज पार फाटेपर्यंत ताणला की मिळतो. हे मी बसवणाऱ्याला म्हणलं, तर तो हसला. "भाऊ, खोक्यावरचं काय वाचायलाव? आवाज ऐका की." हा माणूस तिथंच मला पटला.

पटायचं दुसरं कारण म्हणजे त्यानं गाडीची एकही वायर कापली नाही. या गाडीसाठी तयार कपलर मिळतो, एका बाजूनं गाडीच्या सॉकेटात आणि दुसऱ्या बाजूनं स्टिरिओत. पिवळी वायर कायम वीज असलेली, लाल वायर चावी फिरवल्यावर चालू होणारी, काळी अर्थ. याआधी ज्या दुकानात चौकशी केली होती तिथला पोऱ्या म्हणाला होता, कपलरची गरज नाही, कापून टेप मारू. काळ्या टेपचा गोंद मे महिन्यात वितळतो आणि जोड उघडा पडतो, हे आमच्याकडं कोणालाही विचारा. शंभर-दोनशे रुपयांसाठी गाडीचं वायरिंग कापू देऊ नका. वॉरंटी चालू असेल तर अजिबातच नाही.

एवढ्या चांगल्या फिटिंगनंतरही एप्रिलमध्ये बॅटरी बसली. लग्नासाठी बाहेरगावी रेल्वेनं गेलो होतो, गाडी आठवडाभर दारात उभी. परत येऊन चावी फिरवली तर नुसतं टक-टक. शेजाऱ्याच्या गाडीवरून वायर लावून चालू केली. आता बॅटरी जुनी झाली म्हणून बदलायची की खरं कारण शोधायचं? दुसऱ्या दिवशी फिटरनं मल्टीमीटर आणला. गाडी बंद, दारं लॉक, बॉनेट तेवढं उघडं. पंधरा-वीस मिनिटं तसंच थांबून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि त्यावरून काढलेली वायर यांच्या मधोमध मीटर १० अँपिअरवर लावला. मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, नाहीतर त्याचा फ्यूज जातो. आकडा आला ०.२८. गाडी उभी असताना ०.०५ च्या आत असायला पाहिजे. माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. ०.२८ नं भागा, १२५ तास येतात. म्हणजे पाच दिवसांत नवीकोरी बॅटरीसुद्धा तळाला जाईल.

वायरिंगमध्ये काही चूक नव्हती. चावी काढल्यावर स्टिरिओ बंद होत नव्हता, झोपत होता. दोन सेकंदांत पडदा उजळावा म्हणून ही यंत्रं रॅम जागी ठेवतात, आणि स्वस्तातल्या यंत्रांची ही झोप फार भुकेली असते. फॅक्टरी सेटिंगमध्ये पासवर्ड टाकून गेलं की चावी काढल्यावर किती वेळानं पूर्ण बंद व्हायचं ते ठरवता येतं. ते अर्ध्या तासावर आणलं. पुन्हा मोजलं तर ०.०२. आता सकाळी पहिल्यांदा चालू व्हायला अर्धा मिनिट लागतो. लागू दे. तेवढ्यात सीटबेल्ट लावून आरसे बघून होतात.

आता नेव्हिगेशन, ज्यासाठी मुळात हा उद्योग केला. यंत्रात आधीच भरून आलेला ऑफलाइन नकाशा माझ्या काहीच कामाचा निघाला नाही. तालुक्याचं गाव दाखवतो, त्याच्या आत सगळा शुकशुकाट. त्यामुळं स्टिरिओच्या स्वतःच्या अँड्रॉइडवर मी काही चालवतच नाही. वायरलेस अँड्रॉइड ऑटोनं फोन जोडतो आणि फोनमधला नकाशा पडद्यावर घेतो. म्हणून रॅमचं फार मनावर घेऊ नका म्हणतोय. डोकं फोनचं, स्टिरिओ नुसता पडदा आणि आवाज. फक्त वायरलेसवर फोन तापतो. उन्हाळ्यात चार्जिंगला लावून वायरलेस चालवला की फोन काही वेळानं चार्जिंगच थांबवतो. लांबच्या प्रवासाला मी सरळ केबल लावतो.

सुरुवातीचे काही आठवडे पडद्यावर गाडी रस्त्याच्या बाजूला शेतातून धावायची. जिंतूर रोडवर असलो तरी बाण कापसात. फोन हातात घेऊन बघितला तर तिथं जागा बरोबर. कारण असं की स्टिरिओ स्वतःची जागा कळवत असेल तर अँड्रॉइड ऑटो तीच धरतं, आणि स्टिरिओचा जीपीएस अँटेना, काडेपेटीएवढी काळी चकती, डॅशबोर्डच्या आत यंत्राच्या पत्र्याच्या डब्यावर वायरींच्या गुंत्यात पडला होता. तो काढून काचेखाली डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, आकाशाकडं तोंड करून चिकटवला. चुंबकाची बाजू खाली. त्या दिवसापासून बाण रस्त्यावर आहे. तुमच्या गाडीत बसवताना ही चकती कुठं जातेय ते उभं राहून बघा. डॅशबोर्ड पुन्हा खोलून करायचं हे काम नंतर कोणी मनापासून करत नाही.

गावांच्या नावांचा प्रश्न मात्र कुठल्याच यंत्रानं सुटणार नाही. पिंपळगाव म्हणून शोधलं तर मराठवाड्यात किती येतील याला मोजदाद नाही, त्यात पुन्हा बुद्रुक आणि खुर्द. वडगाव, धामणगाव, बोरगाव यांचीही तीच गत. बोलून शोधायला गेलं तर नांदेड जिल्ह्यातलं पहिलं दाखवतो आणि मी निघालेलो असतो सेलूकडं. माझा उपाय एकच: समोरच्याकडून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवून घ्यायचं, निघायच्या आधी फोनवर ते उघडून दिशा सुरू करायची, मगच गाडीला जोडायचं. वस्तीवर जायचं असेल तर दुसरा इलाज नाही.

आणि त्या भागाचा नकाशा आधी घरच्या वायफायवर उतरवून ठेवायचा. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, ते सिग्नल थेट उपग्रहावरून येतात. रेंज लागते ती नकाशाचं चित्र आणायला. येलदरीच्या बाजूला रेंज गेली तरी उतरवलेल्या नकाशावर रस्ता दिसत राहतो. गर्दीची माहिती तेवढी येत नाही, पण येलदरीला गर्दी कशाची असणार.

पावसाळ्यात नकाशावर किती विश्वास ठेवायचा, हे जुलैत कळलं. पालमच्या बाजूला एका वस्तीवर जाताना पडद्यावर दोन किलोमीटर वाचवणारा डावीकडचा रस्ता आला. वळायच्या जागी एक आजोबा बैल घेऊन उभे. काच खाली केली तर तेच म्हणाले, "इकडून नगा जाऊ साहेब, दिवसभर अडकताल." पाणंद होती. नकाशाला तीही रस्ताच वाटते. काळी माती ओली झाली की तिथं ट्रॅक्टरसुद्धा रुततो. तेव्हापासून अनोळखी वळण असलं की आधी उपग्रहाचं चित्र लावून बघतो आणि डांबर दिसलं तरच वळतो. दुधना, पूर्णेवरच्या कमी उंचीच्या पुलांवरून पाणी चाललंय का, हेही पडद्यावर दिसत नाही. ते गावात फोन करूनच विचारावं लागतं.

रेडिओचा विषय आमच्या वडिलांमुळं निघाला. आम्ही त्यांना दादा म्हणतो. गाडीत बसले की पहिला प्रश्न, "परभणी लागतंय का रे?" परभणी आकाशवाणी मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झला. स्टिरिओत एएम होतं, पण शोध लावला की आकडा १३०० वरून थेट १३१० वर उडी मारायचा. फिटर म्हणाला, या यंत्रात एएम नावालाच असतं. तसं नव्हतं. यंत्र अमेरिकेच्या पद्धतीवर लावलेलं होतं. तिथं एएमची केंद्रं १०-१० किलोहर्ट्झच्या अंतरानं असतात, आपल्याकडं ९-९ च्या. १३०५ ला नवानं नीट भाग जातो, दहानं जात नाही. रेडिओच्या सेटिंगमध्ये विभाग बदलून युरोप केला आणि १३०५ हजर. अमेरिकेच्या पद्धतीत एफएमचीही काही केंद्रं गाळली जातात, त्यामुळं कोणाच्या गाडीत ओळखीचं एफएम लागत नसेल तर आधी हेच बघा.

लागलं म्हणजे स्वच्छ लागलं असं नाही. काचेला चिकटवायचा अँटेना एफएमपुरता ठीक, एएमला छतावरचा दांडीचा लागतो. तो वेगळा बसवला. तरी खरखर राहिलीच. सिगारेट लायटरच्या सॉकेटातला स्वस्त चार्जर काढला तेव्हा निम्मी गेली. हाय टेन्शन लाइनच्या खालून जाताना अजून होते, ती होणारच. गावापासून फार लांब गेल्यावर दादांसाठी प्रसार भारतीचं न्यूज ऑन एअर ॲप लावतो; त्यावर आकाशवाणीची केंद्रं इंटरनेटवरून ऐकता येतात.

आवाजाबद्दल मी समाधानी आहे, पण श्रेय यंत्राला फार देणार नाही. पहिल्या दिवशी स्पीकर नुसते दारात ठोकले होते तेव्हा बास वाढवला की दाराचा पत्रा डब्यासारखा वाजायचा. महिन्याभरानं दोन्ही दारं उघडून आतल्या पत्र्याला ब्यूटाइलच्या डॅम्पिंग शीट लावून घेतल्या. सगळ्या खर्चात मला सर्वांत जास्त पटलेले पैसे हेच. दार लावताना येणारा आवाजसुद्धा बदलला. जालन्याहून समृद्धीला लागलं की काँक्रीटवर टायरची घरघर असते, तिथं पूर्वी फोनवरचं भजनही कळायचं नाही. आता मध्यम आवाजावर शब्द कळतात. इक्वलायझरमध्ये ३२ पट्ट्या आहेत. मी दोन-तीन हलवल्या आणि सोडून दिलं.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात: दिवसा उत्तम, रात्री कामापुरता, पावसाळ्यात चिखलानं आंधळा. गाडीला मागचे पार्किंग सेन्सर कंपनीचेच आहेत, त्यामुळं अडत नाही.

व्हिडिओचं मात्र सांगायला पाहिजे. हँडब्रेकची म्हणून एक वायर असते, ती हँडब्रेकच्या स्विचला जोडली तर गाडी चालताना पडद्यावर व्हिडिओ लागत नाही. फिटर लोक न विचारता ती सरळ अर्थला जोडून टाकतात, म्हणजे व्हिडिओ कायम चालू. मी ती स्विचला जोडून घेतली. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांनुसार चालकाला गाडी चालवताना व्हिडिओ बघायला मनाई आहे, सूट आहे ती रस्ता दाखवणाऱ्या नकाशाला. घरातली पोरं नाराज झाली. होऊ देत.

मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढं असताना भर उन्हात उभी केलेली गाडी चालू केली की यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं. मागचा जाळीदार पत्रा वायरींनी झाकला होता. वायरी खाली बांधून घेतल्या आणि काचेला ऊन अडवायचा पडदा लावायला लागलो, तेव्हा ते थांबलं. टच अजून ठीक आहे. पडद्याच्या डाव्या कडेला हलकी पिवळसर झाक आलीय, ती वाढते का ते पुढच्या उन्हाळ्यात कळेल.

एक तक्रार अजून तशीच आहे, फोनवरच्या बोलण्याची. यंत्रातला माइक पडद्याच्या कडेला, टाचणीच्या टोकाएवढ्या भोकात. एसी दोनवर असला की समोरच्याला माझ्यापेक्षा पंख्याचाच आवाज जास्त जातो, आणि वसुलीचा फोन असेल तर समोरचा "ऐकू येईना" म्हणून ठेवून मोकळा होतो. मागं बाहेरच्या माइकची पिन आहे. दिवाळीनंतर काचेशेजारच्या खांबावरच्या प्लास्टिकमधून वायर घेऊन माइक डोक्यावरच्या सन व्हायझरजवळ बसवायचं फिटरशी ठरलंय, तीनशे रुपयांत.