आंतरराष्ट्रीय कालस्तर तक्त्याचा कँब्रियन रकाना: नावांसाठी भरवशाचा, आकड्यांसाठी जपून वापरावा असा

आंतरराष्ट्रीय स्तरविज्ञान आयोगाचा कालस्तर तक्ता विनामूल्य मिळतो, पृथ्वीचा सगळा इतिहास एका पानावर मांडतो आणि वरचेवर सुधारला जातो. अशा वस्तूचे परीक्षण करणे काहींना अनाठायी वाटेल. परंतु वेगवेगळ्या प्राचीन द्रोणींतील (गाळ साचलेल्या खोलगट प्रदेशांतील) कँब्रियन गाळाच्या खडकांची कालदृष्ट्या जुळणी करणाऱ्याला या तक्त्यावाचून गत्यंतर नसते, आणि त्यातील कँब्रियन रकाना नंतरच्या बहुतेक कल्पांच्या रकान्यांपेक्षा बराच कच्चा आहे. हे परीक्षण त्या एका रकान्यापुरतेच आहे.

सुमारे ५३.८८ कोटी ते ४८.७ कोटी वर्षांपूर्वीचा हा कँब्रियन काळ तक्त्यात चार विभागांत आणि दहा टप्प्यांत मांडलेला आहे. दहांपैकी सहा टप्प्यांच्या तळाशी सोनेरी खिळ्याचे चिन्ह आहे. म्हणजे त्यांची खालची सीमा जगातील एका ठरावीक खडकछेदात, एका ठरावीक थरापाशी अधिकृतपणे निश्चित झालेली आहे. उरलेल्या चार टप्प्यांना अजून नावेही मिळालेली नाहीत, त्यामुळे तेथे ‘टप्पा २’, ‘टप्पा १०’ असे नुसते क्रमांक छापलेले दिसतात. ते दिसायला ओबडधोबड असले तरी मला हा तक्त्याचा प्रामाणिकपणा वाटतो, कारण जे ठरलेले नाही ते ठरल्यासारखे दाखवण्याचा मोह येथे टाळलेला आहे.

रकान्याचा वरचा अर्धा भाग वापरताना खरोखर समाधान मिळते. ड्रमियन टप्प्याचा तळ अमेरिकेतील युटा राज्यात, तर गुझांगियन आणि पैबियन यांचे तळ चीनच्या हुनान प्रांतात ठरवले गेले आहेत, आणि तिन्ही ठिकाणी खूण म्हणून ॲग्नॉस्टिड गटातील चिमुकल्या ट्रायलोबाइटांच्या (कवचधारी, आता नामशेष झालेल्या सागरी प्राण्यांच्या) जातींचे पहिले आगमन धरलेले आहे. हे प्राणी खुल्या समुद्रात दूरवर पसरत असल्याने पैबियनची खूण असलेली ‘ग्लिप्टॅग्नॉस्टस रेटिक्युलॅटस’ ही जात स्वीडनपासून ऑस्ट्रेलियापर्यंत सापडते. शिवाय पैबियनच्या तळाजवळच कार्बनच्या जड समस्थानिकाच्या (जास्त वजनाच्या कार्बन अणूंच्या) हलक्याच्या तुलनेतील प्रमाणात मोठी वाढ सुरू होते, त्यामुळे जीवाश्म न सापडणाऱ्या चुनखडकांतही ती पातळी ओळखता येते. वूलियन टप्प्याची सीमा २०१८ मध्ये चीनच्या ग्वेझो प्रांतात मान्य झाली. तिची खूण असलेल्या ‘ओरिक्टोसेफॅलस इंडिकस’ या ट्रायलोबाइटाचे पहिले वर्णन मात्र १९१० मध्ये हिमालयातील स्पितीच्या नमुन्यांवरून झाले होते.

खालच्या अर्ध्या भागात हे सुख नाही. कँब्रियनचा तळ १९९२ मध्ये कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमधील फॉर्च्यून हेड येथे ‘ट्रेप्टिक्नस पीडम’ या बिळाच्या ठशावरून ठरवण्यात आला. परंतु असे ठसे टिकणे हे तेथील समुद्रतळाच्या स्वरूपावर अवलंबून असते, आणि पुढे त्याच छेदात हा ठसा सीमेच्या काही मीटर खालीही सापडला. ट्रायलोबाइट तर सुमारे ५२.१ कोटी वर्षांपूर्वी अवतरतात, आणि तेही लॉरेंशिया (प्राचीन उत्तर अमेरिका) खंडात एका कुळाचे, चीन-ऑस्ट्रेलियाकडे दुसऱ्याच कुळाचे. त्यामुळे सायबेरियात टोमोटियन, अटडाबेनियन आणि चीनमध्ये चिओंगझुसियन असे स्थानिक टप्पे प्रचलित झाले. जुने अहवाल याच नावांनी भरलेले असताना ती तक्त्यात कोठेच नसावीत, ही मला त्यातील सर्वांत जाचक उणीव वाटते.

आकड्यांविषयी अधिक सावध राहावे लागते. तळाचे वय पूर्वी ५४.१ कोटी छापले जाई, आता ते ६ लाख वर्षांच्या अनिश्चिततेसह ५३.८८ कोटी आहे. खिळा न्यूफाउंडलंडमध्ये असला तरी या वयाचा मुख्य आधार नामिबियातील ज्वालामुखी राखेच्या थरांमधल्या झिरकॉन या खनिजाच्या स्फटिकांचे युरेनियम-शिसे पद्धतीने (युरेनियमचे ठरावीक गतीने शिसे होते, त्यावरून) काढलेले वय हा आहे. याचा अर्थ असा की दोन खंडांतील थरांची जुळणी आधी झाली आणि आकडा तिच्यावर उभा राहिला. तोच आकडा पुन्हा जुळणीचा पुरावा म्हणून वापरणे हे वर्तुळात फिरणे होय. कित्येक सीमांच्या वयापुढे ‘सुमारे’चे चिन्ह आहे, आणि सीमा खिळ्याने ठरते, वयाने नव्हे, अशी स्पष्ट सूचना पानावर आहे, पण ती इतक्या बारीक अक्षरांत आहे की वाचणारा विरळाच.

वाळूखडकातील वाहून आलेल्या झिरकॉन कणांचे वय काढून ते थेट या रकान्याशी ताडण्याची पद्धत हल्ली रूढ झाली आहे, तेथे ही सूचना विशेष उपयोगी पडते. ग्रँड कॅन्यनमधील टॅपीट्स वाळूखडक ५०.८ कोटी वर्षांहून जुना नाही, असे २०१८ मध्ये अशाच कणांवरून दाखवले गेले आणि तेथील समुद्राच्या आगमनाचा काळ त्यामुळे अलीकडे सरकला. तथापि सर्वांत तरुण कण फक्त ‘याहून जुना नाही’ एवढेच सांगतो. थर त्याहून कितीतरी नंतरचा असू शकतो, म्हणून अशा एकट्या वयावरून टप्प्याचे नाव लिहून टाकणे योग्य नाही.

अभ्यासकांनी हा तक्ता अवश्य वापरावा, मात्र शेजारी त्या त्या प्रदेशातील टप्प्यांचा स्वतंत्र तक्ता ठेवावा आणि अहवालात आवृत्तीचे वर्ष व महिना नोंदवावा. कारण जुन्या व नव्या आवृत्तीत केवळ कँब्रियनच्या तळाच्या वयातच २२ लाख वर्षांचा फरक आहे.