रंगवलेला शॉकअप, स्टिअरिंग डॅम्परच्या भावात

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एका मारुती जिप्सीवाल्याला साडेसात हजारांना ‘हेवी ड्यूटी नायट्रोजन डॅम्पर’, म्हणजे स्टिअरिंगची थरथर दाबणारी पिस्टनची नळी, विकला गेला. तीन आठवड्यांत तो गळायला लागला. काढून कापल्यावर कळलं की तो डॅम्पर नव्हताच, कुठल्याशा छोट्या गाडीचा मागचा शॉकअप होता. खालची कडी कापून दुसरी वेल्ड केलेली, वर लाल रंगाचा जाड थर, त्यावर चकचकीत स्टिकर. वेल्डजवळ रंग खरवडला तर आत जुना काळा रंग, आणि जिथे तारीख ठोकलेली असते ती जागा ग्राइंडरने घासलेली.

फसवणूक दुहेरी होती. माल खोटा होताच, पण मुळात त्या गाडीला नव्या डॅम्परची गरज आहे हे निदानही खोटं होतं. त्या रस्त्यावर प्रामाणिक दुकानं भरपूर आहेत, म्हणून बाजाराला नावं ठेवण्यात अर्थ नाही. काय बघून घ्यायचं हे माहीत हवं.

आधी शॉकअप आणि डॅम्पर यांतला फरक. दोन्हींत पिस्टन आणि तेलच असतं, दिसायलाही सारखे, म्हणून ही बनवाबनवी खपते. स्टिअरिंग डॅम्पर आडवा बसतो, सस्पेन्शनचा शॉकअप उभा: तेल खाली, हवा किंवा गॅस वर. दुहेरी नळीचा असा शॉकअप आडवा टाकला की बाहेरच्या नळीतली हवा तळाच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचते, पिस्टनखाली तेलाऐवजी फेस शिरतो आणि दिशा बदलताना थोडी चाल रिकामी जाते. सरळ रस्त्यावर चाक थरथरतं ते नेमकं तेवढ्याशाच चालीत. दुसरं म्हणजे शॉकअप दाबायला हलका आणि ओढायला कडक ठेवलेला असतो, मुद्दामच. स्टिअरिंगला तसं चालत नाही. डावीकडे आणि उजवीकडे जोर सारखाच लागला पाहिजे.

दुकानात त्या माणसाला जे दाखवलं गेलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. नग काउंटरवर उभा धरला, दाबला, सोडला. रॉड आपोआप वर आला. ‘बघा, नायट्रोजन आहे.’ रॉड वर येतो म्हणजे आत गॅसचा दाब आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं. तोच दाब गाडीवर बसल्यावर टाय रॉडला (पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याला) सतत एका बाजूला ढकलतो. मग गाडी एकीकडे ओढते, आणि बिचारा अलाइनमेंटवाला शिव्या खातो. कमी दाबाचे चांगले गॅस डॅम्पर असतात, पण मुंबईत रोज चालवायच्या आणि महिन्यातून एखाददा कर्जत-माळशेजला न्यायच्या गाडीला साधा तेलाचा डॅम्पर पुरतो. तो जिथे सोडाल तिथेच थांबतो.

काउंटरवर परीक्षा अशी घ्या. नग रॉड वरच्या बाजूला ठेवून उभा धरा, पाच-सहा वेळा पूर्ण दाबा आणि ओढा. मग आडवा करून हळू ओढा, हळू दाबा. दोन्हीकडे जोर सारखा लागला पाहिजे आणि दिशा बदलताना क्षणभरही हात मोकळा पडता कामा नये. आडव्यात ‘टक्’ असा रिकामा टप्पा जाणवला तर नग तिथेच ठेवा. रॉडवरून नख फिरवा. क्रोमला ओरखडा किंवा खड्डा असेल तर तो सील कापणार. कडीच्या वेल्डवर रंगाचा थर जास्त जाड दिसला, तर दुकानदारासमोरच नाण्याने खरवडायची परवानगी मागा. माल नवा असेल तर तो नाही म्हणणार नाही. बुशाच्या (कडीतल्या रबराच्या) आतली लोखंडी नळी आणि आपला बोल्ट यांचा मेळ बघा. १२ मिमीच्या नळीत १० मिमीचा बोल्ट घालून वॉशरने भागवलं की पहिल्याच खड्ड्यात खडखड सुरू होते.

‘सगळ्या फोर बाय फोरला बसतो’ असं कोणी म्हणालं की टेप काढा. गाडी जमिनीवर असताना स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवून डॅम्परच्या दोन बोल्टांमधलं अंतर मोजा, मग पूर्ण उजवीकडे. समजा ३३० आणि ५०० मिमी आलं. तर डॅम्पर पूर्ण दबल्यावर ३२० पेक्षा कमी आणि पूर्ण ताणल्यावर ५१० पेक्षा जास्त हवा, आणि चाकं सरळ असताना साधारण मधोमध. ही दहा-दहा मिलिमीटरची मोकळीक नसली तर वळणाच्या शेवटी स्टिअरिंगचा स्टॉपर नव्हे, डॅम्परच अडतो. मग रॉड वाकतो नाहीतर ब्रॅकेट तुटतं. एक टोक चॅसीला असेल तर ॲक्सल लटकत ठेवूनही मोजा. २०२० च्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि रॅक-पिनियन आहे. जुन्या सलग ॲक्सलच्या गाड्यांचं क्लॅम्पवालं किट तिच्यासाठी नाही.

आता निदान. त्या जिप्सीचं स्टिअरिंग साठच्या वेगाला, फ्रीवेच्या सांध्यावरून गेलं की जोरात थरथरायचं आणि वेग कमी केल्याशिवाय थांबायचं नाही. गॅरेजमध्ये बोनेटही न उघडता ‘डॅम्पर गेला’ असं सांगितलं गेलं. डॅम्पर थरथर दाबतो, ती निर्माण करत नाही. सांधे घट्ट असलेली गाडी डॅम्पर काढूनही सरळ चालते. म्हणून नवा टाकला की दोन-तीन आठवडे बरं वाटतं, तेवढ्यात आतली झीज वाढते, आणि पुढचा झटका मोठा येतो.

तपासायला अर्धा तास लागतो. आधी चारही चाकांचं बॅलन्सिंग आणि हवा. मग पुढचा ॲक्सल जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा. चाक वर आणि खाली धरून हलवा. प्ले (सैलपणा) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे ज्या खुंटीवर चाक वळतं ती. चाक डावी-उजवीकडे धरून हलवलं की टाय रॉड एंड बोलतात. शेवटी गाडी जमिनीवर ठेवून इंजिन चालू करा, एकाने स्टिअरिंग थोडं-थोडं हलवायचं, दुसऱ्याने खाली वाकून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचं. जिमनीसारख्या कॉइल स्प्रिंगच्या गाडीत पॅनहार्ड रॉडचे (ॲक्सल आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश नक्की बघा. जिप्सीत लीफचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) आणि शॅकलचे (ती स्प्रिंग चॅसीला जोडणाऱ्या दुव्याचे) बुश. लांब शॅकल टाकून गाडी उचललेली असेल तर कास्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी झालेला असतो; तो लीफ आणि ॲक्सलच्या मध्ये फाचर घालून परत मिळवायचा, डॅम्परने नाही.

या गाडीत किंगपिनचे बेअरिंग खड्डे पडून सैल झाले होते. बेअरिंग बदलून शिम (पातळ चकत्या) कमी करून घट्टपणा बसवला, नकलचे (चाकाच्या वळत्या सांध्याचे) सील नवे टाकले, आणि थरथर डॅम्पर न लावताच गेली. डॅम्पर त्यानंतर लावला, साधा तेलाचा.

पैसे मात्र अडकले, कारण बिल म्हणून हातात आली होती कोरी चिठ्ठी. पक्कं बिल मागा, त्यावर १५ अक्षरी जीएसटी क्रमांक आणि ‘स्टिअरिंग डॅम्पर, नवा’ हे शब्द लिहून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी त्याच्या आड येत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीची मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही. खोटा नग रागाने भंगारात टाकू नका, कापायच्याही आधी त्याचे फोटो काढा: स्टिकर, वेल्ड, खरवडलेला रंग, आणि शेजारी त्या दिवशीचं बिल.